वैद्यकीय ग्रंथपाल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रुग्णालयाचं ग्रंथालय म्हणजे परीक्षा तोंडावर आलेल्या विद्यार्थ्यांची अभ्यासिका, अशीच बहुतेकांची समजूत असते. तिथल्या ग्रंथपालाचा वॉर्डातल्या रुग्णाशी काही संबंध असेल, असं फारसं कुणाच्या मनात येत नाही. पण पुराव्याधारित वैद्यकात उत्तम उपलब्ध संशोधन, डॉक्टरांचा अनुभव आणि रुग्णाची इच्छा या तिन्हींची सांगड घालायची असते. त्यातलं संशोधन वेळेवर आणि नेमकं सापडलं नाही, तर पुढचं सगळंच लंगडं पडतं.

गैरसमज : ग्रंथपालाचं काम पुस्तकांची देवघेव.

वस्तुस्थिती : अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या वैद्यकीय महाविद्यालयात 1971 मध्ये गर्ट्रूड लॅम्ब यांनी ग्रंथपालांना डॉक्टरांबरोबर थेट राऊंडवर पाठवायला सुरुवात केली. रुग्णाच्या खाटेपाशी निघालेला प्रश्न टिपायचा, त्यावरचं संशोधन शोधायचं आणि निवडक लेख डॉक्टरांच्या हाती द्यायचे, अशी ही पद्धत. यात कसब लागतं ते मोघम प्रश्न नेमका करण्यासाठी. रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी आणि अपेक्षित परिणाम काय, अशी प्रश्नाची फोड केली की शोधाला दिशा मिळते.

गैरसमज : आता सगळं इंटरनेटवर आहे, कुणीही शोधू शकतं.

वस्तुस्थिती : अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या ‘पबमेड’ या मोफत सूचीत साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो, त्या औषधाला अमेरिकी लेखक अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. एकाच नावाने शोध घेतला तर दुसऱ्या नावाचे कितीतरी लेख निसटू शकतात. म्हणून हे ग्रंथालय प्रमाणित विषयशीर्षकांची यादी सांभाळतं. ती ‘मेश’ या नावाने ओळखली जाते. सगळ्याच लेखांना मात्र ही शीर्षकं लागलेली नसतात. त्यामुळे शीर्षकं आणि लेखातले शब्द यांची जुळणी करून शोध बांधावा लागतो, शिवाय ‘एम्बेस’सारख्या इतर सूचीही पाहाव्या लागतात.

गैरसमज : एखादा जुना लेख नजरेतून सुटला, तर काही बिघडत नाही.

वस्तुस्थिती : 2001 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याविषयीचा एक प्रयोग सुरू होता. त्यात निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम हे रसायन श्वासावाटे दिलं जात होतं. 24 वर्षांच्या एका स्वयंसेविकेच्या फुफ्फुसांना गंभीर इजा झाली आणि 2 जूनला तिचा मृत्यू झाला. या रसायनाचा फुफ्फुसांवर दुष्परिणाम होऊ शकतो, असं सांगणारे लेख 1950 च्या दशकातच छापून आले होते. संशोधकाने पबमेड आणि पाठ्यपुस्तक पाहिलं होतं. पण तेव्हा पबमेडमधल्या नोंदी 1966 पासूनच सुरू होत. त्याआधीचे छापील सूचीग्रंथ चाळायला हवे होते. कोणती सूची कोणत्या वर्षापासून सुरू होते हे माहीत असणं, हा ग्रंथपालाच्या कामाचा पाया आहे. या मृत्यूनंतर त्या विद्यापीठातलं सरकारी निधीवरचं मानवी संशोधन काही दिवस जवळजवळ पूर्ण थांबवण्यात आलं.

गैरसमज : कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे ग्रंथपालाची गरज संपली.

वस्तुस्थिती : कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं अस्तित्वात नसलेल्या लेखांचे संदर्भही ठामपणे देतात. नाव, जर्नल, वर्ष सगळं खरं वाटावं असं असतं. शोधायला गेलं की लेखच नसतो. शिवाय दुसऱ्या कुणाला तोच शोध घेऊन पडताळणी करता यावी, यासाठी कुठे, कधी, कोणत्या शब्दांनी शोधलं याची पारदर्शक नोंद लागते. 1993 मध्ये स्थापन झालेली कॉक्रेन ही संस्था उपचारांवरच्या संशोधनाचे पद्धतशीर आढावे तयार करते. त्यातही शोधतज्ज्ञाची मदत घेण्याची तिची शिफारस आहे.

गैरसमज : ग्रंथपालाच्या कामाचा रुग्णाला फायदा होतो, याला पुरावा नाही.

वस्तुस्थिती : न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर भागात झालेला एक अभ्यास 1992 मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर देणाऱ्या 208 डॉक्टरांपैकी सुमारे 80 टक्क्यांनी, ग्रंथालयाने दिलेल्या माहितीमुळे उपचारात काही ना काही बदल केला, असं सांगितलं. कुणी औषध बदललं, कुणी तपासण्या टाळल्या. अर्थात ही डॉक्टरांनी स्वतः दिलेली उत्तरं आहेत, रुग्णांच्या प्रकृतीची थेट मोजणी नव्हे. त्यामुळे हा आकडा भक्कम संकेत मानावा, अंतिम सिद्धता नव्हे.

गैरसमज : म्हणजे ग्रंथपाल उपचारही सुचवतो.

वस्तुस्थिती : नाही. तो पुरावा शोधून देतो आणि तो कोणत्या प्रकारच्या अभ्यासातून आला हे दाखवतो. निर्णय डॉक्टर आणि रुग्ण यांचाच.

गैरसमज : हे परदेशी चोचले आहेत, आपल्याला परवडणारे नाहीत.

वस्तुस्थिती : भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2007 मध्ये राष्ट्रीय वर्गणी भरून कॉक्रेनचे आढावे देशातल्या सर्वांसाठी मोफत खुले केले. पबमेड तर सगळ्या जगालाच फुकट आहे. पण दार उघडं असलं, तरी आत काय कुठे आहे हे दाखवणारं माणूस लागतंच. शेकडो रुग्ण तपासून थकलेल्या निवासी डॉक्टरांकडून तासभर सूची धुंडाळण्याची अपेक्षा करणं अव्यवहार्य आहे.

रुग्णालयांच्या व्यवस्थापनांनी म्हणूनच ग्रंथपालाचं पद निव्वळ नियमापुरतं भरू नये. त्याला प्रशिक्षण द्यावं आणि विभागांच्या बैठकांना बोलवावं. डॉक्टरांनीही अवघड रुग्ण समोर आला की ग्रंथपालाला एक फोन करावा.