जीपचा दुसरा दांडा

पावसाळ्यात लोणार-मेहकरकडच्या काळ्या मातीत जीप रुतली, की चालक गिअरच्या दांड्याशेजारचा दुसरा दांडा हलवतो. एरवी मागच्याच दोन चाकांना मिळणारे इंजिनाचे बळ आता पुढच्यांनाही मिळते, आणि बहुधा गाडी निघते. पुढे डांबरी सडक लागली तरी कित्येक जण दांडा तसाच ठेवतात. घाटात पकड वाढेल, असा त्यांचा समज! गाडी थोपवायला तर त्याचा उपयोग नाहीच. ब्रेक चारही चाकांना नेहमीच असतात.

आता राजूर घाटातले एखादे वळण वहीत काढा. पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. दोन आसांत २ मीटर अंतर आहे आणि मागच्या आसाचा मध्य ४ मीटर त्रिज्येने वळतो आहे असे समजू. पायथागोरसच्या सिद्धान्ताने पुढची त्रिज्या सुमारे ४.४७ मीटर येते. काटकोनात वळताना मागचा आस ६.२८ मीटर जातो, तर पुढचा ७.०२ मीटर.

डाव्या-उजव्या चाकांतला असा फरक सांभाळायला प्रत्येक आसावर डिफरन्शियल असते. दोन आसांच्या मध्ये मात्र साध्या जीपमध्ये ते नसते. (काही नव्या गाड्यांत असते.) दांडा टाकला, की दोन्ही आस सारख्याच वेगाने फिरायला बांधले जातात. मग हे ७४ सेंटिमीटर जायचे कुठे? चिखलात चाके जराशी घसरतात आणि भागते. कोरड्या डांबरावर टायर सहजी घसरत नाहीत. यंत्रणेत पीळ बसतो, सुकाणू जड होते, टायर झिजतात, दातेरी चाके तुटू शकतात. दांडाही अडकून बसतो. अशा वेळी गाडी सरळ थोडी मागे घेतली, की पीळ सैल होऊन दांडा बहुधा सुटतो.