कॅमेरा वस्तू मोजतो तेव्हा, आणि माणूस ओळखतो तेव्हा

जानेवारी २०१८मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात ‘अ‍ॅमेझॉन गो’ हे दुकान सर्वांसाठी उघडलं. गल्ल्यावर रांग नसायची. फोनवरचा कोड दाखवून आत जायचं, हवं ते उचलायचं आणि चालू लागायचं. छतावरचे कॅमेरे ग्राहकाचा हात कुठे गेला ते टिपायचे, फळीतले वजनकाटे काय कमी झालं ते सांगायचे. दोन्हींचा मेळ बसला की वस्तू बिलात चढायची. परत ठेवली की उतरायची. दोन ग्राहकांनी एकाच फळीत एकदम हात घातला, की संगणकाची खरी परीक्षा.

इथवर हिशेब वस्तूंचा. चेहरे ओळखण्याचं काम मात्र मला फार जोखमीचं वाटतं. ‘राइट एड’ या अमेरिकी औषध-दुकानांच्या साखळीने २०१२ ते २०२० या काळात शेकडो दुकानांत ते करून पाहिलं. सरकारी तक्रारीनुसार, धूसर छायाचित्रांशी चुकीचा मेळ लावून यंत्रणेने निरपराध ग्राहकांवर चोरीचा संशय आणला. चारचौघांत त्यांना हटकलं गेलं. ११ वर्षांच्या एका मुलीची झडती घेतली गेली. डिसेंबर २०२३मध्ये ‘फेडरल ट्रेड कमिशन’ने तडजोड जाहीर केली: पाळतीसाठी हे तंत्र वापरायला या साखळीला ५ वर्षं मनाई.