नवी बॅटरी घेण्याआधी फॅनबेल्ट पाहा



रब्बीच्या पेरणीला वाफसा येतो आणि नेमका त्याच सकाळी जुना ट्रॅक्टर ‘टक्’ करून गप्प बसतो. मग धावतपळत नवी बॅटरी आणायची, ती चार दिवस चालायची आणि पुन्हा तेच. चितेगाव-बिडकीनच्या काळ्या रानात वाफसा कुणाची वाट पाहत नाही. तेव्हा पैसे मोडण्याआधी पंख्याचा पट्टा, म्हणजे फॅनबेल्ट, तपासावा.

बी-२७५ सारख्या जुन्या ट्रॅक्टरवर हा एकच पट्टा पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो फिरवतो. तो ढिला पडला की बॅटरी भरत नाही, अन् इंजिनही तापतं. ही दोन्ही दुखणी बरोबर आली, तर दोष बहुधा पट्ट्याचाच समजावा.

इंजिन बंद करा, चावी काढा. पट्ट्याच्या लांब बाजूला मध्यावर अंगठ्याने दाबून पाहा. साधारण दीड सेंटीमीटर दबला तर ताण ठीक. जास्त दबला तर डायनामोचे बोल्ट सैल करून तो बाहेर ओढावा व बोल्ट पुन्हा आवळावेत. मात्र तारेसारखा ताणू नका, पंपाचं नि डायनामोचं बेअरिंग जातं. पट्ट्याची पकड पुलीच्या खाचेच्या दोन्ही कडांवर असते. झिजून तो तळाला टेकला की कितीही ताणा, घसरणारच. असा पट्टा बदलावा. राळ चोळून दिवस ढकलण्याची सवय बरी नव्हे.

पट्टा चांगला असेल तर बॅटरीची टोकं पाहा. पांढरी-हिरवट बुरशी धरली असल्यास तारा सोडवून सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडी करा, घट्ट बसवून वर व्हॅसलिन लावा. तार सोडताना सांगाड्याची, म्हणजे अर्थची, आधी सोडावी. जोडताना ती शेवटी. सांगाड्याला जिथे ती जोडली आहे तिथला गंजही खरवडावा, हे बरेचजण विसरतात. आणि बिडी लांब ठेवा, बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो.

आता मीटर लावा. भरलेली बारा व्होल्टची बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास दाखवते. इंजिनाची गती वाढवल्यावर आकडा साडेतेरा-चौदापर्यंत चढला नाही, तर डायनामोचे कार्बन किंवा कटआऊट तपासायला मिस्त्रीकडे न्यावे.

बॅटरी खरोखरच बदलायची असल्यास जुनीचं कोणतं टोक सांगाड्याला होतं ते आधी लिहून ठेवा. काही जुन्या ट्रॅक्टरांत तिथे धन टोक असतं.