शिक्षकाला कोणत्या नावाने गौरवावे? : चिनी रूपके आणि आपली परंपरा

निवासी शाळेत शिक्षकांच्या गौरवाचे प्रसंग वारंवार येतात. सावित्रीमाईंची ३ जानेवारीची जयंती, ५ सप्टेंबरचा शिक्षक दिन, सेवापूर्तीचा सत्कार, दहावीच्या मुलांचा निरोप समारंभ. अशा वेळी मानपत्रांतील रूपके बहुधा ठरलेली असतात : स्वतः जळून प्रकाश देणारी मेणबत्ती, मातीच्या गोळ्याला आकार देणारा कुंभार, लोखंडाचे सोने करणारा परीस. रूपक हे केवळ भाषेचे अलंकरण नव्हे. समाज शिक्षकाकडून काय मागतो आणि विद्यार्थ्याला काय समजतो, हे त्यातून प्रकट होते. म्हणून ही रूपके पारखून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. या कामी चीनची परंपरा उपयोगी पडते. बुद्धधम्माच्या वाटेने आपल्याशी जोडल्या गेलेल्या त्या देशात अशा रूपकांचा मोठा संचय आहे.

चीनमध्ये १९८५ पासून १० सप्टेंबर हा शिक्षक दिन पाळला जातो. तेथेही शिक्षकाला मेणबत्ती म्हणतात. जोडीला अखेरपर्यंत धागा काढीत राहणारा रेशमाचा किडाही येतो. ही दोन्ही रूपके नवव्या शतकातील थांग काळचा कवी ली शांगयिन याच्या एका कवितेतून आली आहेत. मात्र ती कविता शिक्षकांविषयी नाही. ती प्रेमिकांच्या ताटातुटीची आहे. म्हणजे जळून संपणे हे शिक्षकाचे मूळ लक्षण नव्हे, ते मागाहून त्याच्या माथी आले. आपल्याकडेही विनाअनुदानित शाळांतून वर्षानुवर्षे तुटपुंज्या वेतनावर, प्रसंगी वेतनाविना राबणाऱ्या शिक्षकांना मेणबत्तीची उपमा दिली जाते. त्या उपमेच्या झगमगाटात त्यांच्या हक्काचा पगार दिसेनासा होतो, हे विसरता कामा नये.

दुसरे चिनी रूपक फळझाडांचे आहे. ज्याचे विद्यार्थी सर्वत्र पसरले आहेत, त्या शिक्षकाची ‘पीच आणि आलुबुखारा’ जगभर बहरली, असे तेथे म्हणतात. हान काळातील एका ग्रंथात याचे मूळ सापडते : वसंतात ही झाडे लावणाऱ्यास उन्हाळ्यात सावली व शरदात फळे मिळतात, काटेरी झुडूप लावणाऱ्याच्या हाती काटेच येतात. येथे शिक्षकाचे मोजमाप त्याच्या त्यागाने होत नाही, विद्यार्थ्यांच्या बहराने होते. शिवाय झाड स्वतः वाढते. कुंभाराच्या मातीला मात्र स्वतःची वाढ नसते, आणि माती प्रश्नही विचारीत नाही.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील विचारवंत शुन्‌त्झू याने दिलेला दृष्टान्त याहून पुढे जातो. नीळ रोपापासून निघते. पण तिचा रंग त्या रोपाहून गडद असतो. विद्यार्थ्याने शिक्षकाच्या पुढे जावे, हा त्याचा आशय आज चिनी भाषेत रूढ झाला आहे. याचे उत्तम उदाहरण आपल्या मातीत आहे. महात्मा जोतीराव व सावित्रीमाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा उघडली. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. अक्षरे शिक्षकांनी दिली. परंतु त्या अक्षरांतून उमटलेला जाब त्या मुलीचा स्वतःचा होता. ही गडद झालेली नीळच होय.

सर्वच चिनी रूपके मात्र आपणांस जशीच्या तशी उचलता येणार नाहीत. सुंग काळातील यांग शी हा सोबत्यासह गुरू छंग यी यांच्याकडे गेला. गुरू डोळे मिटून बसले होते. त्यांना जाग येईपर्यंत दोघे उभे राहिले आणि तोवर बाहेर फूटभर बर्फ साचला. ‘छंगच्या दारी बर्फात उभे राहणे’ हा तेथे गुरुभक्तीचा वाक्प्रचार झाला. आमच्या पूर्वजांनाही शाळेच्या दारी ताटकळावे लागले, पण आदरापोटी नव्हे. ते त्यांच्यावर लादले गेले होते. शाळकरी भीमरावांना वर्गाच्या कोपऱ्यात गोणपाटावर वेगळे बसावे लागले. जो समाज पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याबाहेर राहिला, त्याने उंबऱ्याबाहेरच्या प्रतीक्षेला आदर्श मानणे युक्त नव्हे. त्याच चीनमधील कन्फ्यूशियसची भूमिका आम्हांस अधिक जवळची वाटते : शिकवताना वर्गभेद नको, सुकवलेल्या मांसाची जुडी एवढीच भेट आणणाराही शिकण्यास पात्र. एकलव्याकडून अंगठा मागणाऱ्या गुरुदक्षिणेशेजारी ही भेट ठेवून पाहावी.

आपल्या धम्मपरंपरेतील रूपक तर सर्वांत समर्पक आहे. महापरिनिब्बान सुत्तात तथागत आनंदाला सांगतात की, धम्म शिकवताना त्यांनी आचार्याची मूठ झाकून ठेवलेली नाही. ज्ञान राखून ठेवणारी ‘झाकली मूठ’ म्हणजे जुन्या गुरुशाहीचे सामर्थ्य. उघडी मूठ म्हणजे बुद्धाचे शिक्षकपण. मराठवाड्याला तर या परंपरेचे नाव नित्य परिचयाचे आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला ‘मिलिंद’ हे नाव दिले. ते नाव नागसेनास निर्भयपणे प्रश्न विचारणाऱ्या राजाचे, म्हणजे प्रश्नकर्त्याचे आहे. त्या संवादापूर्वी भिक्खू नागसेन अट घालतात : चर्चा राजासारखी नको, पंडितासारखी हवी, चूक दाखविली तरी क्रोध नको.

लोहारा परिसरातील ऊसतोड कामगारांची व शेतमजुरांची लेकरे आपल्या वसतिगृहांत राहतात, तेव्हा शिक्षक हा त्यांचा पालकही असतो. त्याला कल्याणमित्र म्हणावे, माळी म्हणावे, उघड्या मुठीचा आचार्य म्हणावे. मेणबत्ती मात्र म्हणू नये. लेकरांना संपून गेलेला शिक्षक नको, उद्याही वर्गावर येणारा शिक्षक हवा. आणि आपल्याहून गडद निळाई घेऊन एखादा विद्यार्थी उभा राहिला, तर मानपत्र त्याच्याच हस्ते द्यावे.