भिंतीवर फळ्या ठोकण्यापूर्वीं

झांकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण माणसाच्या अब्रूला लागू पडत असेल. घराच्या भिंतीला ती लागू पडत नाहीं. ठाणें आणि कल्याण-डोंबिवली या भागांत वर्षाकाठीं सरासरी अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यांतला बहुतेक सारा चार महिन्यांत. बंगल्याच्या तळाशीं असलेल्या गॅरेजला त्याचा मार सर्वांत आधीं बसतो, आणि रंगाचा हात मात्र तेथें सर्वांत शेवटीं फिरतो. भिंतीला लोणा लागतो, गिलाव्याचे पोपडे सुटतात, आणि एखाद्या रविवारीं गृहस्थाच्या मनांत येतें कीं, चार फळ्या आणून हें सारें झांकून टाकावें.

विचार वाईट नाहीं आणि काम नवशिक्यालाही साधण्यासारखें आहे. परंतु फळी हें भिंतीचें वस्त्र आहे, औषध नव्हे. म्हणून आधीं दुखणें ओळखावें. जमिनीलगत सुमारे तीन फुटांपर्यंत सलग पट्टा ओला असेल, तर ओल बहुधा जोत्यांतून वर चढत आहे. पावसाबरोबर वाढणारी व पावसामागें ओसरणारी ओल बाहेरील भेगेंतून येते. ऐन वैशाखांतही न हटणारी ओल बहुधा गळक्या नळाची. शंका राहिल्यास हातभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनीं चिकटपट्टी लावून दोन दिवस भिंतीवर ठेवावा. भिंतीकडील बाजूस थेंब जमले, तर ओल भिंतींतली. खोलीकडील बाजूस जमले, तर हवेंतली.

याहून गंभीर खूण खांब व तुळया यांवर दिसते. काँक्रीटमधील सळईला गंज चढला कीं तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, आणि सळईच्या रेषेंत भेग पडून वरचा थर फुटतो. अशा खांबावर फळी ठोकणें म्हणजे धोक्याची सूचना पुसून टाकणें होय. २०१५ सालच्या पावसाळ्यांत ठाकुर्ली येथील मातृकृपा आणि ठाण्याच्या नौपाड्यांतील कृष्णनिवास या जुन्या इमारती आठवड्याच्या अंतरानें कोसळल्या व माणसें दगावलीं. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची तपासणी नोंदणीकृत अभियंत्याकडून करवून घेणें महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ अन्वयें बंधनकारक आहे. सळई दिसूं लागली असेल, तर सुताराआधीं अभियंत्यास बोलवावें.

भिंत केवळ विद्रूप झाली असेल आणि ओलीचें मूळ बंद झालें असेल, तर काम फाल्गुन-चैत्रांत हातीं घ्यावें. सुटलेला गिलावा खरवडावा. लोणा कोरड्या ब्रशानें झाडावा. पाण्यानें धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा भिंतींत शिरतात. भिंत पुरती वाळूं द्यावी. नऊ इंची भिंतीला त्यासाठीं कांहीं महिनेही लागतात.

नंतर वाळवीनाशक लावलेल्या दीड इंच जाडीच्या लाकडी पट्ट्या ओळंबा धरून उभ्या बसवाव्या. एका पट्टीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत दोन फूट अंतर ठेवावें, म्हणजे आठ बाय चार फुटी फळीचे सांधे बरोबर पट्टीवर येतात. खिळ्यांऐवजीं प्लग व स्क्रू वापरावे, आणि दिव्यांच्या बटणांच्या सरळ वर-खालीं भोक पाडूं नये, कारण विजेच्या तारा बहुधा त्याच रेषेंत असतात. जिप्समची फळी ओलीनें मऊ पडते. येथें आयएस ७१० या मानकाचें मरीन प्लायवुड किंवा सिमेंट-फायबरची फळी बरी. तळाशीं दोन इंच व माथ्याशीं एक इंच फट सोडावी, म्हणजे उभ्या पट्ट्यांमधून वारा खेळत राहतो.

सर्वांत ओलट कोपऱ्यांतील फळी मात्र सहज निघेल अशी बसवावी. दरवर्षीं दसऱ्याच्या साफसफाईंत ती काढून मागची भिंत हातानें चाचपून पाहावी. हात कोरडा राहिला, तर फळी पुन्हा लावावी. नाहीं तर त्या वर्षीं भिंत उघडीच ठेवून ओलीचें मूळ नव्यानें शोधावें.