विश्लेषण : जाहिरातींना वैतागलेला वापरकर्ता तक्रार न करता का निघून जातो?

बातमी उघडावी, दोन ओळी वाचाव्यात आणि तेवढ्यात पूर्ण स्क्रीन झाकणारी जाहिरात यावी. कोपऱ्यातली इवलीशी फुली दाबायला जावे, तर बोट नेमके जाहिरातीवर पडावे आणि भलतेच ॲप उघडावे. स्मार्टफोनवर वाचणाऱ्यांना हा अनुभव रोजचा आहे. बहुतेक जण तक्रार करत नाहीत. मागे जाण्याचे बटण दाबतात आणि पुन्हा त्या संकेतस्थळाकडे फिरकत नाहीत. जाहिरात दाखवणाऱ्याच्या हिशेबात मात्र हे जाणे खूप उशिरा उमटते. खरी गोम तिथेच आहे.

जाहिरात आडवी यायला कधी लागली?

इंटरनेटवरील पहिल्या बॅनर जाहिरातींपैकी सर्वात गाजलेली जाहिरात २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर झळकली. ती ‘एटी अँड टी’ या दूरसंचार कंपनीची होती. ती पाहणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांनी तिच्यावर क्लिक केल्याचे सांगितले जाते. तेव्हा जाहिरात हीच नवलाई होती.

नवलाई लवकरच ओसरली. अमेरिकेतील राइस विद्यापीठात १९९८ मध्ये झालेल्या अभ्यासात दिसले की, लोक ठळक बॅनरकडे पाहतच नाहीत. त्यात त्यांच्या उपयोगाची माहिती असली तरी त्यांची नजर तिथे थांबत नाही. याला ‘बॅनर ब्लाइंडनेस’ असे नाव पडले. नजर चुकवणाऱ्याला गाठायचे तर वाट अडवायची, हा मार्ग मग सोपा वाटू लागला.

वेगळ्या खिडकीत उघडणारी ‘पॉप-अप’ जाहिरात मात्र दुसऱ्याच कारणाने जन्मली. ‘ट्रायपॉड’ या संकेतस्थळावर एका मोटार कंपनीची जाहिरात आक्षेपार्ह मजकुराच्या पानावर दिसली आणि कंपनी बिथरली. मजकूर आणि जाहिरात वेगळी दिसावी म्हणून तिथले कर्मचारी इथन झुकरमन यांनी नवी खिडकी उघडणारा कोड लिहिला. २०१४ मध्ये ‘द अटलांटिक’मधील लेखात त्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली.

वाचता वाचता मजकूर एकदम खाली का सरकतो?

पान उघडताच त्यातील जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. तुमचा फोन कोणता, तुम्ही साधारण कोणत्या भागात आहात, कोणते पान वाचत आहात ही माहिती बोली लावणाऱ्या यंत्रणांकडे जाते. बोली येण्यासाठी साधारण १०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग एवढाच वेळ असतो. जिंकलेली जाहिरात मग दुसऱ्याच सर्व्हरवरून येते.

तोवर मजकूर तुमच्यासमोर आलेला असतो. जाहिरातीसाठी जागा आधी राखून ठेवली नसेल, तर ती मजकुराला ढकलून मधे घुसते. तुम्ही बातमीच्या दुव्यावर बोट टेकवत असता आणि त्याच क्षणी तिथे जाहिरात येते. जिथे क्लिकमागे पैसे मिळतात, तिथे असा चुकून झालेला क्लिकही यश म्हणून मोजला जाण्याची शक्यता असते. वैताग तेवढा वापरकर्त्याच्या वाट्याला.

उपाय अवघड नाही. जाहिरात येण्याआधी तिच्या मापाची चौकट पानावर रिकामी ठेवायची. गूगलने २०२० मध्ये संकेतस्थळांचा दर्जा मोजण्याचे जे निकष जाहीर केले, त्यात पान किती सरकते हाही एक निकष आहे. हा आकडा ०.१ किंवा त्याहून कमी असेल, तर पान चांगले मानले जाते.

वापरकर्ते खरेच निघून जातात का?

डॅनियल गोल्डस्टीन, प्रेस्टन मॅकॅफी आणि सिद्धार्थ सुरी या संशोधकांनी २०१३ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना पैसे देऊन ई-मेलची वर्गवारी करायला बसवले. काहींना बाजूला हलत्या, भडक जाहिराती दाखवल्या, काहींना साध्या, तर काहींना एकही नाही. भडक जाहिराती पाहणाऱ्यांनी काम लवकर सोडले. साध्या जाहिराती पाहणारे आणि अजिबात न पाहणारे यांच्यात फारसा फरक आढळला नाही. म्हणजे लोकांचे वैर जाहिरातीशी नाही, तिच्या वागण्याशी आहे.

दुसरा प्रयोग ‘पँडोरा’ या अमेरिकी संगीतसेवेचा. जून २०१४ पासून २१ महिने सुमारे ३.५ कोटी श्रोत्यांना वेगवेगळ्या प्रमाणात जाहिराती ऐकवण्यात आल्या. तासाला एक जाहिरात वाढली की ऐकण्याचा वेळ अखेरीस सुमारे २ टक्क्यांनी घटला. पण ही घट एका दिवसात झाली नाही. परिणाम वर्षभराहून अधिक काळ हळूहळू वाढत गेला.

मग कंपन्यांना हे कळत का नाही?

कारण मोजमाप घाईचे असते. नवी जाहिरात काही वापरकर्त्यांना आठवडा-दोन आठवडे दाखवून पाहायची, उत्पन्न वाढले की सर्वांना लागू करायची, अशी प्रचलित पद्धत आहे. उत्पन्न पहिल्या दिवशी दिसते. कंटाळलेला वाचक आधी दिवसाआड येतो, मग आठवड्याने आणि नंतर येतच नाही. तोवर चाचणी संपलेली असते.

गूगलच्या अभियंत्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात हा दूरचा परिणाम मोजण्याची पद्धत मांडली. वाईट जाहिराती पाहून लोक जाहिरातींकडेच दुर्लक्ष करायला शिकतात, हे त्यात दिसले. त्या आधारे मोबाइल सर्चवरील जाहिरातींचे प्रमाण ५० टक्क्यांनी कमी करण्यात आले. जाहिरातींवरच चालणाऱ्या कंपनीने कमी जाहिरातींत दूरचा फायदा पाहिला, हे महत्त्वाचे.

ॲड-ब्लॉकर हा उपाय आहे का?

‘भीक नको, पण कुत्रा आवर’ अशी वापरकर्त्याची अवस्था होते, तेव्हा तो जाहिराती रोखणारे सॉफ्टवेअर घेतो. ‘ॲडब्लॉक प्लस’ २००६ पासून उपलब्ध आहे. ॲपलने २०१५ मध्ये आयओएस ९ मधून आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्येही ही सोय खुली केली.

अडचण अशी, की असे सॉफ्टवेअर साधारणपणे सगळ्यांनाच एका मापाने मोजते. एका संकेतस्थळाने छळले, तरी जाहिराती सर्वत्र बंद होतात. मर्यादेत जाहिराती दाखवणाऱ्यालाही फटका बसतो. मोफत वाचायला मिळणाऱ्या बातम्यांचा खर्च मोठ्या प्रमाणात जाहिरातींतून निघतो. तो आटला तर उरतात दोनच वाटा : वाचकाकडून वर्गणी घेणे किंवा वार्ताहर कमी करणे. त्याची झळ आधी बसते ती लहान आणि स्थानिक वृत्तसंस्थांना.

नियम काय सांगतात?

जाहिरात क्षेत्रातील कंपन्यांनी २०१६ मध्ये ‘कोअलिशन फॉर बेटर ॲड्स’ ही संघटना स्थापन केली. तिच्या निकषांनुसार मोबाइलवर जाहिरातींनी मुख्य मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांहून अधिक जागा व्यापू नये. पॉप-अप आणि आपोआप आवाजासह सुरू होणारे व्हिडीओही त्यात बसत नाहीत. हे निकष वारंवार मोडणाऱ्या संकेतस्थळांच्या जाहिराती क्रोम ब्राउझर ९ जुलै २०१९ पासून जगभर रोखतो.

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. त्यात १३ फसव्या प्रकारांची यादी आहे. बातमी असल्याचे भासवणारी छुपी जाहिरात आणि सतत भुणभुण लावणे हे त्यातलेच. एका पानावर किती जाहिराती असाव्यात, याची मर्यादा मात्र त्यात नाही.

वापरकर्त्याने काय करावे?

अनेक ‘जाहिराती’ आपणच कधीतरी ‘अलाव’ दाबल्यामुळे नोटिफिकेशन म्हणून येतात. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘साइट सेटिंग्ज’मधून नोटिफिकेशनची परवानगी काढून घेता येते. पॉप-अपची सोयही तिथेच आहे. ॲड-ब्लॉकर वापरत असाल, तर विश्वासातल्या संकेतस्थळाला त्यातून वगळता येते. फसव्या जाहिरातीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते.

आणि एखादे संकेतस्थळ उपयोगाचे असूनही जाहिरातींमुळे सोडावेसे वाटत असेल, तर सोडण्यापूर्वी त्यांना तसे कळवा. मुकाट्याने गेलेला वाचक कोणत्याही चाचणीत वेळेवर दिसत नाही.