सातबाऱ्याचे डोळे आणि लखनौची जमीन

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने 1926 साली लखनौत संगीत महाविद्यालय उभे राहिले, तेव्हापासून तरी या शहरात मराठी माणसाचे येणेजाणे आहे. परंतु नोकरीनिमित्त आलेला आणि येथेच रमलेला एखादा गृहस्थ जेव्हा मोहनलालगंज, मलिहाबाद वा बख्शी का तालाब या तहसिलींतील एखाद्या लहानशा खेड्यात घरापुरती जागा पाहू लागतो, तेव्हा तो सातबारा वाचण्यास सरावलेले डोळे बरोबर घेऊन जातो, आणि येथील दप्तरातले निम्मे शब्द ओळखीचे वाटत असल्यामुळेच अधिक फसतो. स्वर तेच, थाट मात्र निराळा.

पहिला गैरसमज त्याला खरेदीपासून परावृत्तच करणारा आहे. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत लागू असलेल्या 1948 च्या कुळकायद्यातील कलम 63 मुळे बिगर-शेतकरी इसमास परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही, म्हणून येथेही शेतकरी असल्याचा दाखला लागेल, असे तो धरून चालतो. उत्तर प्रदेशात तशी अट नाही; येथील महसूल संहितेने घातलेली मर्यादा क्षेत्राची, म्हणजे कुटुंबामागे साडेबारा एकरांची आहे, आणि चार बिस्व्यांच्या, म्हणजे घरापुरत्या जागेच्या, गिऱ्हाइकाला तिची बाधा होण्याचे कारण नाही. खरी बाधा विक्रेत्याच्या बाजूने येऊ शकते. विकणारा भूमिधर, म्हणजे येथला खातेदार, अनुसूचित जातीचा आणि घेणारा त्या वर्गाबाहेरचा असेल, तर संहितेच्या कलम 98 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची लेखी पूर्वपरवानगी आवश्यक ठरते. ती नसल्यास व्यवहार निरर्थक होऊन जमीन सरकारजमा होऊ शकते. दलाल ही गोष्ट सहसा शेवटी सांगतो, किंवा सांगतच नाही.

दुसरा समज असा की, खतौनी म्हणजे येथला सातबारा, आणि तीवर नाव लागले की मालकी सिद्ध झाली. सातबाऱ्यात हक्क आणि पीकपाणी एकाच कागदावर नांदतात. येथे शेतनिहाय नोंद खसऱ्यात आणि खातेदारनिहाय नोंद खतौनीत, असे दोन संसार आहेत. खतौनीवर छापलेले 1433 हे साल पाहून नवखा माणूस दचकतो, पण ते फसली साल असून 1 जुलै 2025 पासूनचे वर्ष दर्शविते. नावाहूनही महत्त्वाचा असतो त्या नावापुढचा प्रकार: ‘संक्रमणीय भूमिधर’ जमीन विकू शकतो, ‘असंक्रमणीय’ भूमिधराला तो अधिकार नाही, आणि या एका ‘अ’कारावर आयुष्याची पुंजी बुडू शकते. नाव चढविण्याच्या ज्या क्रियेला आपण फेरफार म्हणतो, तिला येथे दाखिल-खारिज म्हणतात; अशा नोंदीने मालकी निर्माण होत नाही वा नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून नोंद निरुपयोगी ठरते असे मात्र नव्हे, कारण ती करून न घेतल्यास दप्तरात जुन्या मालकाचेच नाव राहते आणि तीच जागा दुसऱ्यास दाखविण्याचा मोह त्याला होऊ शकतो.

सर्वांत चिवट गैरसमज ‘143’ या आकड्याभोवती जमला आहे. ‘साहेब, एक सौ तैंतालीस हो चुकी है’ हे वाक्य लखनौच्या आसपास जमीन पाहणाऱ्याने ऐकले नसेल तर नवलच. हे कलम 1950 च्या जमीनदारी निर्मूलन कायद्यातले. 11 फेब्रुवारी 2016 पासून त्या कायद्याची जागा नव्या महसूल संहितेने घेतली आणि 143 चे काम कलम 80 कडे आले, तरी बाजाराच्या जिभेवर जुनाच आकडा राहिला. आपल्या ‘एन.ए.’प्रमाणे ही जमीन बिगरशेती ठरविण्याची घोषणा आहे. ती महसुलापुरती खरी असते, परंतु तिच्या बळावर भिंत उभी करता येत नाही. बांधकामाचा प्रश्न 1973 च्या नगर नियोजन कायद्याच्या अखत्यारीत येतो: लखनौ विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात महायोजनेने तो भूभाग निवासी दाखविला आहे काय आणि नकाशा मंजूर आहे काय, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते. महायोजनेत हरितपट्टा आणि दलालाच्या हातात 143 चा हुकूम, अशी स्थिती असू शकते, आणि दोन्ही कागद आपापल्या जागी खरे असतात! 2019 साली 88 गावे महापालिकेच्या हद्दीत आली. परंतु हद्द बदलल्याने शेताचा भूखंड होत नाही.

गावाच्या आत घर घेणाऱ्यास वाटते की, गावठाणाला, येथल्या भाषेत आबादीला, कागदच नसतो आणि ग्रामप्रधानाची चिठ्ठी पुरते. कागद पूर्वी विरळ होता, हे खरे. 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे मोजणी होऊन आता ‘घरौनी’ मिळू लागली आहे. ग्रामसभेची जमीन विकण्याचा अधिकार मात्र प्रधानाला कालही नव्हता आणि आजही नाही. तीवरील कबजा कलम 67 खाली उठविला जातो. कुलमुखत्यारपत्रावर जागा घेणाऱ्यांनीही सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा निर्णय ध्यानी ठेवावा: अशा कागदाने स्वामित्व हस्तांतरित होत नाही, त्याला नोंदणीकृत खरेदीखतच लागते.

मोजमापाविषयी थोडेसे. बिघा सर्वत्र सारखा नाही. पक्का बिघा 3025 चौरस यार्डांचा, म्हणजे पाच अष्टमांश एकर, त्याचे वीस बिस्वे, आणि एक बिस्वा सुमारे 1361 चौरस फूट. कच्चा बिघा त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका लहान असू शकतो, तेव्हा करारात चौरस मीटर लिहून घ्यावेत.

आणि जागेवर गेल्यावर लेखपालास, म्हणजे येथल्या तलाठ्यास, गावनकाशा उघडावयास सांगून रस्त्याकडे बोट ठेवावे. चकबंदीत, म्हणजे जमिनींच्या एकत्रीकरणात, आखलेला चकमार्ग नकाशात असतो. विक्रेत्याने मुरूम टाकून सजविलेली वाट पुष्कळदा शेजाऱ्याच्या शेतातून जाते, आणि त्या शेजाऱ्याने तिच्यावर गहू पेरला, तर त्याला दोष देता येत नाही.